काटकसरीच्या घरातली दारू: खर्च वाढला नाही, ग्रॅम वाढले

काटकसरीने राहणाऱ्या माणसाच्या जमाखर्चात दारूचे काय करायचे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. खर्च आहे, गरज नाही, तेव्हा तो बंद करावा, असे उत्तर कोणीही देईल. प्रत्यक्षात मात्र काटकसरी माणूस दारू सोडण्याऐवजी ती स्वस्तात कशी पडेल याच्या मागे लागतो. घाऊक खरेदी, दरांची तुलना, घरी करता येईल ते घरीच करणे, या ज्या सवयींनी बाकी प्रत्येक वस्तूच्या बाबतीत त्याचे भले केलेले असते, त्याच सवयी येथे त्याच्या विरोधात काम करू लागतात. हे कसे घडते ते एका प्रकरणाच्या आधारे तपशीलवार मांडतो. प्रकरणातील गृहस्थ प्रातिनिधिक आहेत आणि त्यांचे घरगुती आकडे मांडणीसाठी घेतलेले आहेत. वैद्यकीय आणि आर्थिक आधार मात्र प्रस्थापित माहितीचेच आहेत.

परिस्थिती

गृहस्थांचे वय ४१. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, मिळकतीचा निम्मा भाग दरमहा शिलकीत टाकतात आणि वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की नोकरीतून मोकळे व्हायचे, असा त्यांचा बेत आहे. हा २५ पटींचा आडाखा १९९४ मध्ये आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी अमेरिकी बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून केलेल्या मांडणीतून रूढ झाला. पहिल्या वर्षी साठ्याच्या सुमारे ४ टक्के रक्कम काढायची आणि पुढे ती महागाईच्या प्रमाणात वाढवत न्यायची, असे केल्यास साठा साधारण ३० वर्षे पुरतो, असा त्याचा आशय आहे. या घरात जमाखर्चाची वही अनेक वर्षे बिनचूक लिहिली जाते. दारूचा खर्चही तिच्यात वेगळ्या रकान्यात आहे आणि तो एकूण खर्चाच्या ४ टक्क्यांच्या पुढे कधी गेलेला नाही.

पूर्वी गृहस्थ आठवड्याला ३७५ मिलीलिटरची एक बाटली आणत. शिवाय शनिवारी मित्रांबरोबर बाहेर ३३० मिलीलिटरच्या दोन बिअर होत. पुढे त्यांच्या लक्षात आले की लहान बाटलीत ग्रॅममागे पडणारा दर फार चढा आहे. त्यांनी ७५० मिलीलिटरच्या बाटल्या एकदम अनेक घ्यायला सुरुवात केली, आणि थोडा कमी प्रतीचा ब्रँड निवडल्यामुळे दर एक तृतीयांशाने खाली आला. वर्षअखेरीस त्यांनी वही तपासली तेव्हा दारूचा रकाना जेथल्या तेथे होता. खर्च वाढलेला नाही याचे त्यांना समाधान वाटले.

वास्तविक त्या न वाढलेल्या आकड्यातच सगळे प्रकरण होते. दर एक तृतीयांशाने उतरला आणि खर्च तेवढाच राहिला, याचा अर्थ घरी येणारी दारू दीडपट झाली. वही रुपया-पैशाच्या भाषेत बोलते आणि शरीर ग्रॅमच्या. दोघांमध्ये दुभाषी कोणी नसल्यामुळे ही दीडपट वाढ कोणालाच दिसली नाही. पत्नीने दोनदा तसे बोलून दाखवले होते, परंतु वहीतला आकडा पुढे आला की बोलणे तेथेच थांबे.

ग्रॅमचा हिशेब

दारूतील शुद्ध अल्कोहोल मोजण्याची रीत अवघड नाही. मिलीलिटरला बाटलीवरील टक्केवारीने गुणावे आणि आलेल्या संख्येला ०.७८९ ने गुणावे, कारण एक मिलीलिटर अल्कोहोलचे वजन तेवढे ग्रॅम असते. ४० टक्क्यांच्या ३७५ मिलीलिटरमध्ये १५० मिलीलिटर, म्हणजे सुमारे ११८ ग्रॅम अल्कोहोल असते. ५ टक्क्यांच्या ३३० मिलीलिटर बिअरमध्ये १३ ग्रॅम असते, म्हणून शनिवारच्या दोन बिअर २६ ग्रॅमच्या झाल्या. जुना आठवडा असा १४४ ग्रॅमचा होता. दर उतरल्यानंतर घरची दारू आठवड्याला सुमारे १७८ ग्रॅमवर गेली. मोठी बाटली जेमतेम सव्वानऊ दिवस पुरू लागली आणि आठवड्याची बेरीज २०४ ग्रॅम झाली.

हा आकडा कशाच्या शेजारी ठेवून वाचायचा? २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात ८३ पाहण्यांमधील दारू घेणाऱ्या सुमारे ६ लाख व्यक्तींची माहिती तपासली गेली. त्यात मृत्यूचा धोका सर्वांत कमी असणाऱ्यांचे सेवन आठवड्याला १०० ग्रॅमच्या आत होते. त्यांच्या तुलनेत, वयाच्या चाळिशीपासून मोजता, १०० ते २०० ग्रॅम घेणाऱ्यांचे अपेक्षित आयुर्मान सुमारे ६ महिन्यांनी, २०० ते ३५० ग्रॅम घेणाऱ्यांचे १ ते २ वर्षांनी आणि त्याहून अधिक घेणाऱ्यांचे ४ ते ५ वर्षांनी कमी आढळले. हे समूहांचे सरासरी आकडे आहेत. १९९ ग्रॅमला सुखरूप आणि २०१ ग्रॅमला संकटात, असा त्यांचा अर्थ कोणी घेऊ नये. दिशा मात्र स्पष्ट आहे, आणि आपले गृहस्थ दर कमी करण्याच्या प्रयत्नात एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले होते.

आरोग्याची किंमत ग्रॅमप्रमाणे आकारली जाते, पैशांप्रमाणे नाही. शरीरात अल्कोहोलचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते आणि नंतर ॲसिटेट. मधला पदार्थ पेशींतील डीएनएला इजा करतो, आणि ही इजा उंची बाटलीतल्या दारूने कमी होत नाही की स्वस्त बाटलीतल्या दारूने वाढत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांना मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व गुदाशय आणि स्त्रियांचे स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगांशी दारूचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटले की ज्याखाली आरोग्याला कोणताच धोका नाही अशी सेवनाची पातळी सांगता येत नाही. त्याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले.

थोडी घेतलेली हृदयाला चांगली, असा गृहस्थांचा समज होता आणि तो त्यांनी कोठून तरी उचललेला नव्हता. अनेक वर्षे अभ्यासांमधून तसे दिसतही होते. परंतु त्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात अशी पुष्कळ माणसे येत होती ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडलेली होती. आजारी माणसांशी तुलना केली की थोडे पिणारे साहजिकच धडधाकट दिसतात. ही गफलत १९८८ मध्येच दाखवून दिली गेली होती. पुढे २०१९ मध्ये चीनमधील ५ लाखांहून अधिक प्रौढांचा मागोवा घेणाऱ्या पाहणीत, अल्कोहोल सहन होणे न होणे ठरवणाऱ्या जनुकीय फरकांचा आधार घेऊन हा प्रश्न तपासला गेला, तेव्हा सेवनाबरोबर रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका सरळ वाढतच गेलेला आढळला आणि थोड्या सेवनाचे संरक्षण पक्षाघाताच्या बाबतीत दिसले नाही. ज्या लाभाच्या भरवशावर गृहस्थांनी तो ४ टक्के खर्च अंशतः औषधासारखा मानला होता, तो भरवसाच राहिला नाही.

तपासणी

नोकरीच्या ठिकाणी झालेल्या वार्षिक तपासणीत रक्तदाब १३८/८८ आला, यकृताशी संबंधित जीजीटी या एन्झाइमचे प्रमाण वाढलेले निघाले आणि सोनोग्राफीत यकृतात चरबी साठल्याचे दिसले. या अवस्थेतील चरबी दारू थांबवल्यावर बहुधा काही आठवड्यांत उतरू लागते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर काही जणांत यकृताला सूज आणि पुढे सिऱ्होसिस, म्हणजे यकृत निबर होत जाणे, असा मार्ग सुरू होतो, आणि तेथून पूर्ववत होणे फार अवघड असते.

डॉक्टरांनी त्यांच्याकडून 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेल्या या प्रश्नावलीत ४० पैकी ८ किंवा अधिक गुण आले की सेवन धोकादायक मानले जाते. गृहस्थांना ११ गुण पडले. त्यांपैकी ४ गुण शेवटच्या एकाच प्रश्नाचे होते: तुमच्या पिण्याबद्दल नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांपैकी कोणी काळजी व्यक्त केली आहे काय? 'होय, गेल्या वर्षभरात' या पर्यायावर त्यांनी खूण केली. वहीपुढे दोनदा थांबलेले पत्नीचे बोलणे येथे प्रथमच मोजले गेले. माझ्या मते कोणत्याही काटकसरी घराने हा दहावा प्रश्न जमाखर्चाच्या बैठकीत विचारलाच पाहिजे, कारण खर्चाचा आकडा जे लपवतो ते घरातल्या माणसाला आधी दिसते.

याच टप्प्यावर एक गोष्ट नीट तपासावी लागते. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्या, सकाळी हात थरथरणाऱ्या, न मिळाल्यास घाम, अस्वस्थता, उलट्या सुरू होणाऱ्या माणसाला खर्च-लाभाचा हा हिशेब लागू पडत नाही. अशा माणसाने घरच्या घरी एकदम दारू तोडणे जीवावर बेतू शकते: पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रमाची गंभीर अवस्था उद्भवू शकते. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांच्या मदतीने थांबवावे लागते, आणि त्यावर होणारा खर्च हा काटकसरीचा विषयच नव्हे. आपल्या गृहस्थांना यांतील एकही लक्षण नव्हते. दौऱ्यावर असताना ते आठ-आठ दिवस न पिता राहत आणि त्यांना काही होत नसे, म्हणूनच पुढचा विचार करता आला.

खरा खर्च किती

पती-पत्नींनी मागच्या वहीवर पुन्हा नजर टाकली. दारूचा रकाना ४ टक्क्यांचा होता खरा, परंतु शनिवारी रात्री परतताना गाडी चालवायची नाही म्हणून घेतलेली टॅक्सी 'प्रवास'मध्ये गेली होती, पिण्याच्या संध्याकाळी मागवलेले आणि दुसऱ्या सकाळी स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून मागवलेले जेवण 'बाहेरचे खाणे' या सदरात बसले होते. ही सदरे दारूखाली ओढली तेव्हा आकडा ७ टक्क्यांवर गेला. त्यांतील ३ टक्के रक्कम अशी होती जिची त्या दोघांनाही दारूशी सांगड घालावी असे आजवर वाटले नव्हते… ती टॅक्सी तर काटकसरीच्या नव्हे, शहाणपणाच्या खात्यातली, म्हणून तिला कात्री लावायचा प्रश्नच नव्हता; फक्त ती कोणामुळे लागते एवढे लिहून ठेवायचे होते.

विभागणी अशी: ४ टक्के दारू, त्यात घरची ३ आणि शनिवारची १, आणि ३ टक्के अनुषंगिक खर्च, त्यात घरच्या पिण्यामुळे दीड आणि शनिवारमुळे दीड.

२५ पटींच्या आडाख्यात आवर्ती खर्च दोन बाजूंनी बोचतो. तो शिल्लक कमी करतो आणि गाठायचा साठाही वाढवतो. महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरला, साठा शून्यापासून सुरू केला आणि मिळकतीचा निम्मा भाग शिलकीत टाकला, तर ठरलेला टप्पा गाठायला साधारण १६ वर्षे ७ महिने लागतात. खर्चातून दारूचे ४ टक्के काढले तर हा काळ सुमारे १०-११ महिन्यांनी घटतो. पूर्ण ७ टक्के काढले तर सुमारे दीड वर्षाने. म्हणजे एकीकडे नोकरीची वर्षे लांबतात आणि दुसरीकडे, सरासरीच्या भाषेत, आयुष्याची वर्षे आखडतात. मोकळ्या आयुष्यासाठी काटकसर करणाऱ्याच्या दृष्टीने त्या मोकळ्या काळाची दोन्ही टोके एकाच वेळी झिजत होती. हे गणित पाहून गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत.

पर्याय

पहिला पर्याय त्यांच्या स्वभावातूनच आला: बिअर घरी बनवावी. दर आणखी निम्म्यावर येईल, हा त्यांचा अंदाज बरोबरच होता. परंतु घरगुती आंबवणीची एक खेप सहज २० लिटरची असते, आणि ५ टक्क्यांच्या २० लिटरमध्ये सुमारे ७८९ ग्रॅम अल्कोहोल होते. ज्या घरात दर एक तृतीयांशाने उतरल्यावर सेवन दीडपट झाले, त्या घरात एवढा साठा अधिक स्वस्त दराने आणून ठेवणे म्हणजे झालेली चूक मोठ्या प्रमाणावर पुन्हा करणे. घरी दारू गाळण्याचा विचार तर मनातही आणू नये. अनेक देशांत तो गुन्हा आहे आणि मिथेनॉलच्या विषबाधेने माणसे आंधळी होतात, दगावतात.

दुसरा पर्याय संपूर्ण बंदीचा होता. आरोग्याच्या दृष्टीने तो सर्वांत चांगला, याबद्दल शंका नाही, आणि गृहस्थांनी तो स्वीकारला असता तर मला आनंदच झाला असता. पत्नीने मात्र एक विचार पुढे ठेवला. काटकसर म्हणजे ज्यात खरोखर समाधान आहे त्यावर खर्च करता यावा म्हणून बाकीचे सोडणे. तेव्हा समाधान नेमके कोणत्या ग्लासात आहे ते आधी पाहावे. म्हणून ठरले की चार आठवडे प्रत्येक ग्लासापूर्वी कारण लिहायचे आणि दुसऱ्या सकाळी तो ग्लास हवा होता की नाही याची खूण करायची.

ती पाने वाचण्यासारखी आहेत. शनिवारच्या नोंदींत माणसांची नावे आहेत, बोलण्याचे विषय आहेत, आणि पुढच्या सकाळी जवळजवळ सर्वत्र 'हवा होता' अशी खूण आहे. घरच्या नोंदी वेगळ्या आहेत: 'मीटिंग लांबली', 'बाटली समोर होती', 'झोप यावी म्हणून', आणि एके ठिकाणी कारणाच्या रकान्यात नुसती रेघ. दुसऱ्या ग्लासापुढच्या सकाळच्या खुणा बहुतेक नकाराच्या, आणि तिसऱ्याच्या बाबतीत तो घेतल्याचेच नीट आठवत नसल्याने रकाना कोरा. झोपेसाठी घेतलेल्या ग्लासांचे तर उलटच झाले होते. अल्कोहोलमुळे झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती वारंवार मोडते आणि स्वप्नांची झोप घटते. गृहस्थ पहाटे तीनच्या सुमारास जागे होत आणि त्या जागरणाचा ठपका कामावरच्या ताणावर ठेवत.

निर्णय

घरात बाटली ठेवायची नाही आणि शनिवारच्या दोन बिअर तशाच ठेवायच्या, असे ठरले. शनिवारची दारू घरच्या दारूपेक्षा ग्रॅममागे सव्वादोन पट महाग पडत होती, आणि गृहस्थांच्या आजवरच्या सवयीप्रमाणे तीच आधी तोडायला हवी होती. मी या निर्णयाला योग्य मानतो तो नेमका याच कारणासाठी. जी वस्तू जास्त वापरण्यातच तोटा आहे तिचा दर चढा असणे हा ग्राहकाचा तोटा नाही. महागडी दारू मोजून प्यायली जाते, माणसांत प्यायली जाते आणि संपल्यावर घरी येऊन दुसरी बाटली उघडली जात नाही. आठवड्याचे सेवन २०४ वरून २६ ग्रॅमवर येते, आणि कॅनडातील २०२३ च्या मार्गदर्शनात आठवड्याला ज्या एक-दोन प्रमाणित पेयांना (एक पेय म्हणजे साधारण शनिवारच्या एका बिअरएवढे अल्कोहोल) कमी धोक्याचे म्हटले आहे त्या मर्यादेत ते बसते. कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे, हे दोघांनाही माहीत आहे. शनिवारचा राहिलेला अडीच टक्के खर्च म्हणजे सुमारे सहा-सात महिन्यांची जास्तीची नोकरी. ती किंमत त्यांनी समजून-उमजून मान्य केली.

सर्वांत जड गेले ते कपाटातल्या दोन न फोडलेल्या आणि एका अर्ध्या बाटलीचे काय करायचे ते. पैसे मोजून आणलेली वस्तू वाया घालवणे काटकसरी माणसाला पापासारखे वाटते. ती संपवून मग सुरुवात करू, असे गृहस्थ दोनदा म्हणाले. परंतु पैसे तर खरेदीच्या दिवशीच गेलेले होते. पिण्याने त्यांतला एक पैसाही परत येणार नव्हता, फक्त त्यात सुमारे सहाशे ग्रॅम अल्कोहोलची भर पडणार होती. कोणाला देऊन टाकली तर तीच भर दुसऱ्याच्या यकृतावर. शेवटी तिन्ही बाटल्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतल्या गेल्या आणि त्या दिवशीच्या वहीत त्यांनी तो खर्च 'नुकसान' म्हणून स्वतःच्या हाताने लिहिला.

पुढचे तीन महिने

तीन महिन्यांनंतर रक्तदाब १२८/८२ वर आला आणि जीजीटी सामान्य मर्यादेत उतरले. पहाटेची जाग पहिल्या पंधरवड्यात उलट वाढली, नंतर हळूहळू थांबली. वजनात फारसा फरक पडला नाही. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ उष्मांक असतात, त्या हिशेबाने आठवड्याला सुमारे १,२५० उष्मांक कमी झाले होते; परंतु संध्याकाळी काहीतरी हातात हवे या सवयीने गोड खाणे वाढले आणि त्यांतले बरेचसे भरून निघाले.

पैशांचेही सुरुवातीला तसेच झाले. वाचलेली रक्कम पहिल्या महिन्यात कोठे दिसलीच नाही, ती इतर सदरांत जिरली. मग दोघांनी पगाराच्या दिवशीच तेवढी रक्कम गुंतवणूक खात्यात आपोआप वळती होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा कोठे ती शिलकीत दिसू लागली. मध्ये कामाच्या ताणाच्या एका आठवड्यात गृहस्थांनी एक लहान बाटली आणली. ती चढ्या दराची होती, दोन संध्याकाळींत संपली आणि तिच्यामागे दुसरी आली नाही.

वहीत आता दारूच्या रकान्याशेजारी ग्रॅमचा रकाना आहे आणि त्याखाली निर्णय पुन्हा उघडण्याच्या अटी पत्नीच्या अक्षरात लिहिलेल्या आहेत: महिन्यात दोनदा घरी बाटली आली, शनिवारच्या जोडीला दुसरा वार लागला, किंवा पुढच्या वार्षिक तपासणीत जीजीटी पुन्हा वाढलेले निघाले, तर चर्चा न करता सहा महिने पूर्ण बंद.